सगळ्यात लांब गेलेला चेंडू

"आई, शनिवारी ड्रायव्हरचं फिटिंग आहे, येतेस का?" असं मुलाने विचारलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी गाडी चालवणारा माणूस आला आणि मग शिंपी. दोन्ही अंदाज चुकले. शिंप्याचा तसा अर्धाच चुकला, ते पुढे येईलच.

मार्च महिना होता. न्यू जर्सीतलं बर्फ नुकतंच वितळलं होतं आणि मैदानं उघडायला अजून अवकाश होता. माझा मुलगा एकोणपन्नास वर्षांचा. ऑफिसातल्या लोकांच्या संगतीने गोल्फ खेळायला लागला, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. गोल्फमध्ये ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब काठी आणि तिचं डोकंही सगळ्यात मोठं. खेळाच्या सुरुवातीला चेंडू छोट्या खुंटीवर, म्हणजे टीवर ठेवून या काठीने शक्य तितका लांब मारायचा. मुलाचं म्हणणं असं, की गेली दोन-तीन वर्षं त्याचा चेंडू पूर्वीइतका लांब जात नाही. बरोबरचे तिघे त्याच्या पुढे टाकतात. काठी जुनी झाली, नवी घ्यायला हवी. नवीची किंमत सहाशे डॉलर. म्हणून आधी फिटिंग.

मला बरोबर नेण्याचं कारण साधं होतं. तिथून पुढे आम्हांला किराणा आणायला जायचं होतं. पण दोन तास त्या खोलीत बसून मी जे पाहिलं, त्याने मला चांगलंच गुंतवून ठेवलं. त्यावरून माझं एक मत झालंय, ते आज लिहिते. गोल्फ न खेळणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही.

खोली साधारण आपल्या वर्गाएवढी. एका टोकाला हिरवा गालिचा, समोर मोठा पडदा आणि त्या पडद्यावर मैदानाचं चित्र. चेंडू पडद्यावर आपटून खाली पडतो, पण चित्रातला चेंडू पुढे उडत जातो. शेजारी एक छोटं यंत्र आणि त्याला जोडलेल्या स्क्रीनवर प्रत्येक फटक्यानंतर दहा-बारा आकडे. फिटिंग करणारा मुलगा तिशीचा असेल, शांत आणि अदबशीर. त्याने मला खुर्ची दिली. मी पर्समधून वही काढली. आकडे दिसले की लिहून घ्यायचे, ही निकालपत्रकं भरण्यातली जुनी खोड.

मी मराठी आणि इतिहास शिकवला, पदार्थविज्ञान नव्हे. तरीही ते आकडे मला समजले. मला समजले म्हणजे कोणालाही समजतील.

पहिला आकडा काठीच्या डोक्याचा वेग. माझ्या मुलाचा ताशी ९३ मैल आला. म्हणजे जवळजवळ १५० किलोमीटर. आपल्या क्रिकेटमध्ये चांगला वेगवान गोलंदाज ज्या वेगाने चेंडू टाकतो, त्या वेगाने हा गृहस्थ काठी फिरवतो! आईला तेवढ्यानेही बरं वाटलं. दुसरा आकडा चेंडूचा वेग, तो १३३ मैल. चेंडूच्या वेगाला काठीच्या वेगाने भागलं की जी संख्या येते, तिला स्मॅश फॅक्टर म्हणतात. ड्रायव्हरसाठी ती साधारण दीडच्या वर जात नाही. त्याची १.४३ आली. म्हणजे फटका काठीच्या तोंडाच्या बरोबर मध्यावर बसत नव्हता. खात्री करायला त्या मुलाने काठीच्या तोंडावर पायाला मारायची पावडर फवारली. प्रत्येक फटक्याचा ठसा पांढऱ्यात उमटला. अर्धे मध्यावर आणि बाकीचे टाचेकडे.

मग चेंडू किती अंशांनी वर निघाला तो कोन, आणि चेंडूची उलटी फिरकी, म्हणजे स्पिन. फिरकीचं प्रकरण मला सगळ्यात आवडलं. चेंडू पुढे जाताना मागच्या बाजूला फिरत असतो आणि त्या फिरण्यामुळे हवा त्याला वर उचलून धरते. फिरकी फार कमी असेल तर चेंडू लवकर खाली येतो. फार जास्त असेल तर तो नुसता वर चढतो आणि पुढे जायचं विसरतो. माझ्या मुलाची फिरकी मिनिटाला ३३०० फेरे होती आणि चेंडू निघत होता जेमतेम साडेनऊ अंशांनी. त्याच्या वेगाला कोन कमी आणि फिरकी जास्त. कारण तो काठी चेंडूवर वरून खाली आणत होता. काठी जाते खाली आणि तिचं तोंड बघतं वर. या दोन दिशांमध्ये जितकी फारकत, तितकी फिरकी जास्त.

घरी आल्यावर मी याबद्दल थोडं वाचलं. या फिरकीचा अभ्यास सव्वाशे वर्षांपूर्वी एडिंबरा इथले प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी केला होता. त्यांचा मुलगा फ्रेडी नावाजलेला गोल्फपटू. १८९६ आणि १८९८ अशी दोनदा त्याने ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकली. नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या हिशोबात बसेना इतका वेळ चेंडू हवेत कसा राहतो, हा बापाचा प्रश्न. त्यांनी चेंडूला लांब फीत बांधली, फटका मारल्यावर फितीला पडलेले पीळ मोजले आणि चेंडू किती फिरला ते काढलं. आज जे काम यंत्र डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं, ते या माणसाने फितीचे पीळ मोजून केलं. फ्रेडी १९०० साली दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात मारला गेला आणि पुढच्याच वर्षी वडीलही गेले. मला त्या खोलीत बसून वहीत आकडे लिहिणारी मी आठवले आणि उगीचच बरं वाटलं. मुलाच्या खेळाशेजारी वही घेऊन बसणारी मी पहिली नव्हते.

असो. शेवटचा आकडा कॅरी, म्हणजे चेंडू जमिनीला टेकण्याआधी हवेतून किती गज गेला. सगळ्यांचे डोळे असतात ते याच आकड्यावर. पण गंमत पाहा, त्या खोलीत चेंडू गेला होता फक्त दहा-बारा फूट! पुढचे दोनशे गज यंत्राने हिशोबाने काढलेले. वेग, कोन आणि फिरकी हे प्रत्यक्ष, आणि कॅरी हे अनुमान. अनुमान खोटं असतं असं नाही, चांगल्या यंत्राचं बरंच खरं निघतं. पण प्रत्यक्ष कुठलं आणि अनुमान कुठलं, हे माणसाने ध्यानात ठेवावं. बाहेरचा वारा आणि मार्चमधली थंडी त्या पडद्यावर लागत नाही.

आता मुख्य गोष्ट.

आधी त्याने स्वतःच्या जुन्या काठीने दहा चेंडू मारले. मग कपाटातली नवी, काळी चकचकीत काठी. कमी फिरकीची म्हणून तिची ख्याती आहे म्हणे. तिने दहा मारले. पहिलाच चेंडू २२६ गज! मुलाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. दहावीच्या निकालाच्या दिवशी दारात उभा राहून जसा पाहत होता, अगदी तसाच. जुन्या काठीचा सगळ्यात लांब चेंडू २११ गज होता. म्हणजे पंधरा गजांचा फायदा. त्याच्या मनात काठी विकत घेऊनही झाली होती, ते माझ्यासारखीला लपून राहणार नव्हतं.

मी वहीत बेरीज केली. जुन्या काठीचे दहा चेंडू मिळून २०२५ गज, सरासरी २०२.५. नव्या काठीचे दहा मिळून २०३२, सरासरी २०३.२. फरक एका गजाचाही नाही! कारण नव्या काठीने एक चेंडू २२६ गेला तसा एक १७८ वरही पडला होता. जुन्या काठीचा सगळ्यात आखूड चेंडू १८६. शिवाय नव्याचे तीन चेंडू उजवीकडे इतके बाहेर गेले होते, की खऱ्या मैदानात ते झाडीतच शोधावे लागले असते.

मी वही त्या फिटिंगवाल्या मुलाला दाखवली. तो हसला आणि म्हणाला, "बरोबर आहे. लोक पहिला चेंडू बघतात आणि पाकीट काढतात." आपल्या दुकानात राहून तो हे बोलला, याबद्दल मला त्याचं कौतुक वाटलं. मागच्या वर्षी दुसऱ्या एका मोठ्या दुकानात मुलाला फक्त सगळ्यात लांब गेलेल्या चेंडूचा कागद छापून दिला होता. तो कागद अजून त्याच्या गाडीत आहे.

मला या गोष्टीचं नवल वाटत नाही, कारण हेच मी आयुष्यभर पाहिलं आणि केलं. पूर्वी दहावीची गुणवत्ता यादी लागायची. वर्तमानपत्रात पेढा भरवतानाचे फोटो यायचे. शाळेच्या फळ्यावर आम्ही पहिल्या तिघांची नावं रंगीत खडूंनी लिहायचो. वर्गाची सरासरी किती, सगळ्यात खालचा मुलगा कुठे आहे आणि तो मागच्या वर्षीपेक्षा वर आला का, हे निकालपत्रकात असायचं आणि निकालपत्रक कपाटात. शाळेची खरी परीक्षा त्या कपाटातल्या कागदावर होती, आणि आम्ही मात्र फळा दाखवत होतो. माझ्या मुलाला दहावीला ८२ टक्के मिळाले होते. आमच्या घरात तोवर कोणालाही न मिळालेले. आणि मी काय म्हणाले होते? शेजारच्या मुलीला ८९ आहेत, असं म्हणाले होते. तेहतीस वर्षं झाली. तो कधी बोलून दाखवत नाही, पण त्याला ते वाक्य पाठ आहे हे मला माहीत आहे.

त्या खोलीत आणखी एक आकडा निघाला, तो त्याला बघायचा नव्हता. पाच-सहा वर्षांपूर्वी त्याच्या काठीचा वेग ९८ मैल होता. आता ९३. काठी कुठलीही द्या, तोच. चेंडू आखूड पडण्याचं मोठं कारण काठीत नव्हतं, वयात होतं. मुलगा काही बोलला नाही, पाणी प्यायला गेला.

आपण शाळेचे कपडे शिवताना शिंप्याला सांगायचो, वाढत्या अंगाचा शिवा. गोल्फ खेळणारे पुरुष काठीही तशीच घेतात, असं दिसतं. तोंडाचा तिरपेपणा म्हणजे लॉफ्ट शक्य तितका कमी आणि दांडा म्हणजे शाफ्ट शक्य तितका ताठ, कारण तशा काठ्या जोरकस मारणारे वापरतात. साडेदहा किंवा बारा अंशांची काठी घ्यायला लाज वाटते. पण पन्नाशीला टेकलेल्या माणसाने वाढत्या अंगाचं शिवून कसं चालेल? आहे त्या अंगाचं माप द्यायला हवं.

यावर त्या फिटिंगवाल्याने एक फार शहाणपणाची गोष्ट केली. या यंत्रांतली प्रसिद्ध कंपनी म्हणजे डेन्मार्कची ट्रॅकमन. तिने काही वर्षांपूर्वी व्यावसायिक खेळाडूंचे सरासरी आकडे प्रसिद्ध केले आहेत, ते त्याने स्क्रीनवर आणले. पुरुषांचा काठीचा वेग ११३ मैल, कॅरी २७५ गज. माझा मुलगा म्हणाला, "हे बघून काय करू?" तेव्हा त्याने खालचा तक्ता दाखवला, बायकांचा. एलपीजीए स्पर्धांतल्या बायकांचा काठीचा वेग सरासरी ९४ मैल. म्हणजे माझ्या मुलाएवढाच. आणि कॅरी? २१८ गज! याच्यापेक्षा पंधरा गज जास्त, त्याच वेगात.

कशा करतात त्या? चेंडू मध्यावर घेतात आणि वर जाणाऱ्या काठीने मारतात. सरासरी तीन अंश वर. त्यांचा चेंडू निघतो तेरा अंशांनी आणि फिरकी २६०० च्या आसपास. टीव्हीवर पुरुषांचे सामने बघून बघून माझा मुलगा ज्यांची नक्कल करत होता, त्यांच्या अंगात वीस मैलांचा वेग जास्त आहे. तेवढ्या वेगाला चेंडू थोडा खालून निघाला तरी चालतो. याला चालत नाही. त्याला शिकायचं होतं ते त्या बायकांकडून. मुलगा जरा ओशाळला. मी मात्र खुर्चीत सरळ होऊन बसले.

मग खरं फिटिंग झालं. टी थोडी उंच केली, चेंडू डाव्या पायाकडे सरकवला. नव्या काठीचं डोकं साडेदहा अंशांचं लावलं आणि दांडा कमी ताठ. दहा चेंडू. सरासरी २१०, सगळ्यात लांब २१७, सगळ्यात आखूड १९९. २२६ पुन्हा आला नाही, पण १७८ ही आला नाही. मुलगा खूश झाला.

मी म्हटलं, "आता जुन्या काठीने पुन्हा मार. टी तेवढीच उंच ठेव."

"आई, अगं कशाला?"

"आमटीत मीठ आणि गूळ दोन्ही एकदम घातलं, तर चव कशाने आली ते कळतं का?"

जुन्या काठीच्या मानेशी स्क्रू होता. तो फिरवून तिचाही लॉफ्ट एक अंशाने वाढवता येतो, हे मुलाला आठ वर्षं माहीतच नव्हतं. वाढवला आणि दहा चेंडू मारले. सरासरी २०७. म्हणजे सुधारणेतले जवळजवळ पाच गज टीच्या उंचीचे, उभं राहण्याच्या जागेचे आणि एका स्क्रूचे. सहाशे डॉलरांच्या वाट्याला उरले तीन.

हे असंच होणार, असं आता मला वाटतं. चेंडू आदळल्यावर काठीचं तोंड किती उसळी देईल याला नियमांनी मर्यादा घातलेली आहे, आणि डोक्याचं घनफळही ४६० घन सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. वीस वर्षं होऊन गेली या नियमांना. दरवर्षीच्या जाहिरातीतले दहा-दहा गज खरे असते, तर इथून मारलेला चेंडू एव्हाना फिलाडेल्फियाला पडला असता. फटका मध्यावर बसला नाही तरी चेंडू फार भरकटू नये, यात मात्र काठ्या सुधारल्या आहेत म्हणतात. ते आखूड चेंडूत दिसतं, लांब चेंडूत नाही.

कुणी म्हणेल, हौस आहे, त्याचे पैसे आहेत, तुम्हांला काय करायचंय? मान्य आहे. हौसेला हिशोब लावू नये. नवी काठी हातात घेऊन माणसाला उभारी येत असेल, तर तिचंही मोल आहे. माझा विरोध काठीला नाही, फिटिंगला तर नाहीच. उलट माझं मत असं झालं आहे, की नवी काठी घ्या न घ्या, मोजून मात्र जरूर घ्या. फक्त मोजणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. सगळ्यात लांबचा नको, सरासरी किती ते सांगा. सगळ्यात वाईट चेंडू कुठे गेला ते दाखवा. आणि माझी तुलना माझ्यासारख्याशी करा. मग त्या माझ्यासारख्या बायका असल्या, तरी चालेल. आकडा माणसाला लाजवायलाही वापरता येतो आणि वाट दाखवायलाही. यंत्र तेच असतं. समोर कुठला तक्ता ठेवायचा आणि कुठल्या आकड्यावर बोट ठेवायचं, हे माणूस ठरवतो. मी पस्तीस वर्षं बोट ठेवलं ते बरेचदा चुकीच्या जागी.

किराणा घेऊन परत येताना गाडीत मुलगा म्हणाला, "तू अजून पेपर तपासतेस." मी म्हटलं, "हो. पण या वेळी बेरीज नीट केली." तो हसला. सिग्नलला थांबल्यावर त्याने समोरच्या खणातून तो मागच्या वर्षीचा सगळ्यात लांब चेंडूचा कागद काढला, बघितला आणि परत ठेवून दिला. टाकला नाही. मीही टाक म्हणाले नाही.

काठी त्या दिवशी घेतली नाही. पुढे घेईलही कदाचित, पन्नासावा वाढदिवस आहेच. एप्रिलमध्ये मैदान उघडलं, तेव्हा जुनीच घेऊन गेला, स्क्रू फिरवलेली. संध्याकाळी आला, बूट काढले, हातपाय धुऊन चहाला बसला. बरोबरच्या तिघांचे चेंडू किती लांब गेले, हे मी विचारलं नाही. अगदी जिभेवर आलं होतं.

मग त्यानेच सांगितलं, "आई, आज एकही हरवला नाही."